‘एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स कमी पडतो’ असा शेरा मिळाला तर नेमकं काय करायचं

सीनिअर मॅनेजरचा डीजीएम (डेप्युटी जनरल मॅनेजर) किंवा डीजीएमचा जीएम (जनरल मॅनेजर) व्हायची वेळ आली की अप्रेझलमध्ये हे वाक्य हमखास कानावर पडतं: काम उत्तम आहे, पण एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स थोडा कमी पडतो. ऐकणारा तिथून उठतो तो थेट ब्लेझर शिवायला टाकतो, नाहीतर इंग्रजी संभाषणाचा क्लास शोधतो. दोन्ही खर्च बहुधा वाया जातात.

शेरा देणाऱ्याच्या मनात असतं ते वेगळंच. हा माणूस माझ्या गैरहजेरीत चिडलेल्या क्लायंटसमोर, बोर्डासमोर किंवा युनियनसमोर बसला तर मी निर्धास्त राहू शकेन का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. त्याचं उत्तर तो तुमच्या कपड्यांत शोधत नाही. तुम्ही मुद्दा किती लवकर सांगता, आकड्यांवर किती ठाम असता, कोंडीत सापडल्यावर कसे वागता आणि वाईट बातमी कधी देता, यावरून तो अंदाज बांधतो. म्हणजे शिकायचं तेही हेच. पुढचं सगळं पुणे-मुंबईच्या कारखान्यांत आणि आयटी कंपन्यांत मधल्या फळीवरून वर जाऊ पाहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी शेऱ्याचा अर्थ काढून घ्या

अप्रेझलच्या दिवशीच वाद घालू नका. त्या दिवशी तुम्ही दुखावलेले असता आणि साहेब दिवसभरात दहा जणांशी बोलून कंटाळलेले असतात. आठवड्याभरात वेगळी वीस मिनिटं मागा आणि तीन प्रश्न विचारा. कोणत्या बैठकीत हे जाणवलं? मी तिथे नेमकं काय बोललो किंवा केलं? आपल्या कंपनीत हे कोण चांगलं करतं, आणि ती व्यक्ती माझ्या जागी असती तर तिने काय केलं असतं? तिसरा प्रश्न सोडू नका. पहिल्या दोनांना गुळमुळीत उत्तर मिळालं तरी तिसऱ्याला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की पुढच्या दोन-तीन बैठकांत त्या माणसाकडे वही घेऊन बघता येतं.

शेऱ्यांची एक ठरलेली भाषा असते. ‘फार डिटेलमध्ये जातो’ म्हणजे तुम्ही निष्कर्षाऐवजी कामाचा इतिहास सांगता. ‘सॉफ्ट आहे’ याचा संबंध आवाजाशी कमी आणि ‘नाही’ न म्हणण्याशी जास्त असतो: तुम्ही अशक्य तारखेला मान डोलावता आणि मग ती चुकते. ‘अजून थोडा वेळ आहे’ या वाक्यात माहितीच नाही. कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो की वर जागा रिकामी नाही, आणि तसं असेल तर स्वतःला दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते लवकर कळलेलं बरं. म्हणून तिथल्या तिथे विचारा: कधीपर्यंत, आणि तोवर काय दिसलं म्हणजे तुमचं मत बदलेल?

‘स्ट्रॅटेजिक विचार दिसत नाही’ हा सर्वांत जास्त गोंधळात टाकणारा शेरा. यावर लोक मॅनेजमेंटचे जाड शब्द पाठ करतात आणि आणखी पोकळ वाटू लागतात. त्याचा साधा अर्थ असा की तुम्ही फक्त आपल्या खात्याचे आकडे बोलता, ते कंपनीच्या पैशाला, ग्राहकाला आणि स्पर्धकाला जोडत नाही. यावर एक स्वस्त आणि जवळजवळ कोणीच न करणारा उपाय आहे. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर दर तिमाहीच्या निकालानंतर व्यवस्थापन आणि विश्लेषक यांच्यात झालेल्या कॉन्फरन्स कॉलची संहिता, म्हणजे शब्दशः नोंद, बीएसई-एनएसईच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळते. सुरुवातीचं भाषण चाळून सोडा आणि प्रश्नोत्तरं नीट वाचा. विश्लेषकांनी ज्या तीन-चार प्रश्नांवर एमडींना घेरलं, तेच प्रश्न त्या तिमाहीत एमडींच्या डोक्यात घोळत असतात. मार्जिन का घसरलं असं तिथे दोनदा विचारलं गेलं असेल, तर तुमच्या पुढच्या रिव्ह्यूचं पहिलं वाक्य मार्जिनला जोडूनच यायला हवं. कंपनी खाजगी असेल, तर शेअर बाजारात नोंदलेल्या स्पर्धकाची किंवा मोठ्या ग्राहक-कंपनीची संहिता वाचा. तासाभराचं काम आहे.

याच आठवड्यात स्वतःला एकदा ऐका. ऑफिसच्या बैठका परवानगीशिवाय रेकॉर्ड करू नका, बऱ्याच कंपन्यांत तो शिस्तभंग ठरतो. त्यापेक्षा घरी सराव करताना फोनवर दहा मिनिटं रेकॉर्ड करा, किंवा कंपनीची परवानगी असेल तर टीम्सवरच्या बैठकीची आपोआप निघणारी संहिता उघडून फक्त आपली वाक्यं वाचा. मुख्य मुद्दा कितव्या वाक्यात आला ते बघा. एका प्रश्नाला किती सेकंद उत्तर दिलं ते मोजा. ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ आणि ‘सर’ हे शब्द किती वेळा आले त्यावर खुणा करा. ‘सर’ पहिल्या वाक्यात एकदा पुरतं. प्रत्येक वाक्याला लावलं की आदर वाढत नाही, तुम्ही अजून हुकमाची वाट बघताय असं वाटतं.

मुद्दा आधी, इतिहास विचारला तर

इंजिनिअरला आणि अकाउंटंटला एक सवय महागात पडते. ज्या क्रमाने काम केलं, त्याच क्रमाने ते सांगतात. समजा, वेल्डिंग लाइनसाठी दोन रोबो घ्यायचे आहेत. नेहमीची सुरुवात अशी होते: “सर, गेल्या ऑगस्टपासून आम्ही रिजेक्शनचा डेटा गोळा करत होतो, मग तीन व्हेंडरना बोलावलं, त्यातल्या एकाचं कोटेशन उशिरा आलं...” चौथ्या मिनिटाला एमडी फोन बघतात, सातव्याला फायनान्सवाले विचारतात की किती पैसे हवेत. तिथून पुढे बैठक तुमच्या हातात राहत नाही.

तेच असं मांडा:

“वेल्डिंग लाइनवर दोन रोबो घ्यायला ३.२ कोटींची मंजुरी हवी आहे. रिजेक्शन आणि ओव्हरटाइम मिळून वर्षाला १.६ कोटी वाचतील, म्हणजे दोन वर्षांत पैसे वसूल. मोठा धोका एकच: बसवताना लाइन नऊ दिवस बंद राहील, त्यासाठी तेवढा साठा आधी करून ठेवू. याच महिन्यात ऑर्डर गेली तर डिसेंबरअखेरच्या शटडाऊनमध्ये काम बसतं, नाहीतर पुढच्या वर्षावर जातं.”

अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. यात चार गोष्टी आहेत: काय हवंय, त्यातून काय मिळतं, काय बिघडू शकतं, आणि आजच का. लोक तिसरी गोष्ट गाळतात, कारण धोका सांगितला तर प्रस्ताव कमजोर वाटेल अशी भीती असते. घडतं उलटं. धोका तुम्ही नाही काढला तर समोरचा काढतो, आणि त्याने काढला की तो तुम्हाला सुचलाच नव्हता असा अर्थ निघतो. पण सात धोके वाचून दाखवू नका. एकच सांगा, त्यावरचा उपाय त्याच वाक्यात सांगा आणि बाकीचे जोडपत्रात ठेवा.

हे चार भाग बैठकीच्या आदल्या दिवशी हाताने लिहून काढा. ४० सेकंदांत मोठ्याने वाचून होत नसेल तर कापा. पहिलं वाक्य तोंडपाठ हवं, बाकीचं पाठ करू नका, कारण पाठ केलेलं मध्येच तुटलं तर परत सापडत नाही.

आकड्यांचं एक पथ्य पाळा. तीन आकडे डोक्यात असायलाच हवेत: मागितलेली रक्कम, मिळणारा फायदा आणि सध्याची परिस्थिती. या तिघांसाठी लॅपटॉपकडे बघावं लागलं, तर पुढचे तीस आकडे अचूक असूनही उपयोग होत नाही. बैठकीत परदेशी मुख्यालयाचे लोक असतील तर लाख-कोटी आधीच मिलियनमध्ये करून न्या. ३.२ कोटी म्हणजे ३२ मिलियन रुपये. त्यांच्या चलनातला आकडा त्या दिवशीच्या दराने काढून कागदावर लिहून ठेवा. समोर बसून शून्यं मोजणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्या क्षणी तसा दिसत नाही. दशांशही जपून वापरा. अंदाजच असेल तर ‘सुमारे १.६ कोटी’ म्हणा, ‘१.५८७ कोटी’ म्हटलं की कोणीतरी तो शेवटचा सात कुठून आला ते विचारतो आणि दहा मिनिटं त्यातच जातात.

स्लाइड किती असाव्यात यावर वाद घालण्यात अर्थ नाही. टोयोटाच्या पद्धतीत समस्या, कारण, उपाय आणि पाठपुरावा हे सगळं एकाच ए-३ कागदावर, म्हणजे ४२० बाय २९७ मिलिमीटरमध्ये बसवतात. वाहन उद्योगाशी संबंधित पुष्कळ कंपन्यांत तो नमुना ओळखीचा आहे. ॲमेझॉनमध्ये वरिष्ठांच्या बैठकीत स्लाइडच नसतात; सहा पानांपर्यंतचं टिपण सगळे सुरुवातीला शांतपणे वाचतात. दोन्ही टोकांच्या पद्धतींत विचार आधी पूर्ण करावा लागतो. चाळीस स्लाइडमध्ये अर्धवट विचार सहज लपतो.

खरी बैठक आधीच होते

वरच्या पातळीवर मोठे निर्णय बैठकीत जाहीर होतात, ठरलेले असतात आधी. जपानी कंपन्यांत याला नेमावाशी म्हणतात आणि ते उघडपणे करतात. आपल्याकडे ते राजकारण समजून सज्जन माणसं टाळतात आणि मग बैठकीत अनपेक्षित विरोध झाला की गोंधळतात.

बैठकीच्या तीन ते पाच दिवस आधी तीन जणांना प्रत्येकी पंधरा मिनिटं भेटा: पैशाला हात लावणारा (बहुधा फायनान्स हेड), तुमच्या प्रस्तावामुळे ज्याचं काम वाढणार आहे तो, आणि सहसा विरोध करणारा. शेवटच्याला आधी भेटा. त्याचा आक्षेप बुधवारी कळला तर शुक्रवारपर्यंत प्रस्ताव बदलता येतो. शुक्रवारीच बैठकीत कळला तर फक्त बचाव करता येतो.

बहुतेकांची चूक इथे होते: ते पाठिंबा मागायला जातात. “सर, तुमचा सपोर्ट पाहिजे” म्हटल्यावर समोरचा हसून हो म्हणतो आणि बैठकीत गप्प बसतो, कारण त्याने विचारच केलेला नसतो. त्याऐवजी विचारा, “यात तुम्हाला कुठे अडचण दिसते?” मिळालेली सूचना खरोखर उपयोगी असेल तर ती घ्या आणि बैठकीत नाव घेऊन सांगा: हा बदल देशमुख साहेबांनी सुचवला. देशमुख आता त्या प्रस्तावाच्या विरोधात जाणार नाहीत. न पटलेली सूचना मात्र उगाच घेऊ नका, फक्त का घेतली नाही ते त्यांना बैठकीआधी कळवा.

आवाज, वेग आणि इंग्रजीची भीती

कम्युनिकेशनच्या प्रशिक्षणात एक पाय चार्ट हटकून दाखवतात: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून हे आकडे आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून किंवा चेहऱ्याच्या फोटोसोबत देऊन बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखायला सांगितलं होतं. भांडवली खर्चाचा प्रस्ताव मांडताना ९३ टक्के काम हातवारे करतात, असा त्याचा अर्थ कोणत्याही बाजूने निघत नाही. शब्द महत्त्वाचे आहेत. आवाज सुधारायचा तो ते शब्द ऐकू यावेत म्हणून.

मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं की अडचण इंग्रजी उच्चारांची आहे. बहुधा ती वेगाची असते. आत्मविश्वास नसला की माणूस वाक्य लवकर संपवायला धावतो आणि शेवटचे शब्द गिळतो, आणि नेमका तिथेच मुद्दा असतो. तपासायची पद्धत सोपी आहे. १५० शब्दांचा इंग्रजी परिच्छेद घ्या आणि बैठकीत बोलाल तसा वाचा. ७० ते ७५ सेकंद लागले तर ठीक. ५५ सेकंदांच्या आत संपला तर दूरच्या टोकाला बसलेल्याला आणि कॉलवरच्या परदेशी माणसाला तुम्ही नीट कळत नाही.

वेग कमी करा म्हणून तो होत नाही. शब्द ताणले की झोप येते. थांबायच्या जागा वाढवायच्या. प्रत्येक आकड्यानंतर एक श्वास, आणि मुख्य मागणीनंतर पूर्ण दोन सेकंद गप्प. दोन सेकंद बोलणाऱ्याला युगासारखे वाटतात, ऐकणाऱ्याला जाणवतही नाहीत. रोज दहा मिनिटं कोणताही अग्रलेख मोठ्याने वाचा, पूर्णविरामाला मनात ‘एक, दोन’ मोजा आणि वाक्याचा शेवट खालच्या सुरात नेऊन संपवा. शेवट वर गेला की विधानाचा प्रश्न होतो. मराठीत आपण हेच ‘...बरोबर ना?’ लावून करतो. तीन-चार आठवडे रोज केलं तर फरक रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. रविवारी एकदम तासभर केलेल्या सरावाचा उपयोग नाही.

उच्चार बदलायच्या मागे लागू नका. उसना अमेरिकन सूर ताण आल्यावर गळून पडतो, आणि ते गळताना दिसतं. आपलं इंग्रजी आपल्या सुरात, छोट्या वाक्यांत बोला: एका वाक्यात एक क्रियापद, एक आकडा. बैठक मराठी-हिंदी-इंग्रजी अशी मिसळलेली असेल तर निर्णयाचं वाक्य मात्र एकाच भाषेत, अख्खं बोला.

काही वाक्यं आजच टाकून द्या. ‘सॉरी, एक छोटासा मुद्दा होता’ असं म्हटलंत तर लोक त्याला छोटाच समजतात. ‘मी चुकत असेन, पण’ म्हणू नका, तुम्ही चुकत आहात असं लोक धरून चालतात. त्याजागी ‘एक धोका आपण मोजलेला नाही’, ‘माझं मत वेगळं आहे, कारण सांगतो’. आणि तासाभराच्या बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी बोला, निदान एक नेमका प्रश्न विचारा. चाळीस मिनिटं गप्प राहिल्यावर तोंड उघडणं अवघड होत जातं. मग माणूस बोलतो ते एकतर घाईत, नाहीतर गरजेपेक्षा मोठ्याने.

कोंडीत सापडल्यावर

शांतपणे मांडणी पुष्कळांना जमते. मत बनतं ते आडव्या प्रश्नावर.

उत्तर माहीत नसेल तर तीन भागांत सांगा: हे माझ्याकडे आत्ता नाही, जे माहीत आहे ते असं, आणि आकडा आज पाच वाजेपर्यंत पाठवतो. मग पावणेपाचला पाठवा. ही वेळ पाळणं उत्तरापेक्षा मोठं आहे. अंदाजपंचे आकडा ठोकून देणं सर्वांत वाईट, कारण तो बैठकीच्या मिनिट्समध्ये, म्हणजे लेखी नोंदीत जातो आणि पुढच्या महिन्यात तुमच्या नावासकट परत येतो.

प्रश्न लांबलचक आणि रागाने आला, तर त्यातला खरा प्रश्न एका वाक्यात परत बोला: “म्हणजे मुद्दा असा की व्हेंडर डिसेंबरला देऊ शकेल याची खात्री काय?” यामुळे विचार करायला वेळ मिळतो, प्रश्नातला राग गळतो आणि उत्तर एकाच गोष्टीचं द्यावं लागतं. ‘पण सर’ने सुरुवात करू नका.

साहेब सर्वांसमोर चुकीचं बोलले तर? आकड्याची चूक असेल आणि त्यावर निर्णय ठरणार असेल, तर लगेच पण माहिती म्हणून सांगा: “ताज्या रिपोर्टमध्ये तो आकडा १२ टक्के आहे, पाठवतो.” मताचा प्रश्न असेल तर एकदा स्पष्ट सांगा, दुसऱ्यांदा बैठकीनंतर सांगा. निर्णय तुमच्या विरोधात गेला तर आपल्या टीमला तो ‘वरून आलाय’ असं सांगू नका. हे वाक्य फिरून वर पोहोचतं आणि तिथे त्याचा अर्थ असा लावला जातो की या माणसाला अजून खालच्याच बाजूला बसायचं आहे.

आता वाईट बातमी. आयटीवाल्यांना वॉटरमेलन स्टेटस हा शब्द माहीत असतो: अहवालात हिरवा, आत लाल. मार्चपर्यंत ‘ऑन ट्रॅक’ आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ‘सहा आठवडे उशीर’ असं झालं की उशीर माफ होतो, लपवणं होत नाही. बिघाड नक्की झाल्यापासून चोवीस तासांच्या आत फोन करा, मेल नंतर. काय झालं, नुकसान कुठवर थांबवलंय, पुढची खबर किती वाजता देणार, एवढंच बोला. कारणमीमांसा आणि कोणाची चूक हे पहिल्या फोनवर नको. त्या वेळी कारण बहुतेकदा चुकीचं असतं आणि नंतर बदलताना तुम्ही सारवासारव करताय असं वाटतं. ‘संध्याकाळी सहाला कळवतो’ म्हटलं तर नवीन काही नसतानाही सहाला फोन करून तेवढंच सांगायचं.

बोलणं मध्येच तोडलं जाणं हा प्रकार स्त्रियांच्या वाट्याला जास्त येतो, आणि त्यातली अडचण खरी आहे: ठाम बोललं तर ‘ॲग्रेसिव्ह’, नाही बोललं तर ‘सॉफ्ट’. हा दोष बघणाऱ्याच्या नजरेत आहे, पण बैठक उद्या असते आणि तोवर नजर बदलत नाही. हाताशी असलेले उपाय असे. आवाज न चढवता, त्याच सुरात, “वाक्य पूर्ण करते” म्हणून पुढे बोलत राहा. बोलणं थांबवून रागाने बघण्यापेक्षा हे परिणामकारक ठरतं. तुमचाच मुद्दा पाच मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून आला, तर “हो, मी मघाशी म्हटलं तेच, त्याचा पुढचा भाग असा” असं सांगून तो पुढे न्या. एका सहकाऱ्याशी आधीच ठरवून ठेवा की दोघांनी एकमेकांचे मुद्दे नाव घेऊन उचलायचे. आणि अप्रेझलमध्ये ‘ॲग्रेसिव्ह’ हा शब्द आला तर वर सांगितलेला पहिला प्रश्न विचारा: कोणत्या बैठकीत? प्रसंग सांगता आला नाही तर तो शेरा लेखी नोंदीतून काढायची विनंती करणं रास्त आहे.

उलट बाजूचीही एक चूक आहे. वचक म्हणजेच प्रेझेन्स समजून काहीजण बढतीच्या आधी वर्षभर टीमवर ओरडायला लागतात. वरच्यांना हे दिसत नाही असं त्यांना वाटतं. थ्री-सिक्स्टी फीडबॅकमध्ये, म्हणजे वरच्या, बरोबरच्या आणि हाताखालच्या लोकांकडून घेतलेल्या अभिप्रायात, ते सगळं येतं, आणि त्याच्या आधी ड्रायव्हर, रिसेप्शन आणि साहेबांच्या पीएकडून पोहोचलेलं असतं.

कपडे, बसणं, कॅमेरा

बैठकीआधी स्वच्छतागृहात हात कमरेवर ठेवून दोन मिनिटं उभं राहायचा सल्ला अजून फिरतो. २०१०च्या ज्या शोधनिबंधातून तो आला, त्यातले हार्मोनवरचे परिणाम २०१५च्या मोठ्या पुनर्प्रयोगात आढळले नाहीत, आणि २०१६मध्ये मूळ लेखकांपैकी डेना कार्नी यांनीच आपला त्या परिणामावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. ती दोन मिनिटं पहिलं वाक्य मनात घोळवण्यात घालवा.

कपड्यांत ब्रँडपेक्षा माप बोलतं. शर्टाची खांद्यावरची शिवण हाडावर बसायला हवी. खाली उतरली की कितीही महाग शर्ट मागून घेतल्यासारखा दिसतो. ब्लेझरच्या बाहीतून शर्टाचा कफ साधारण एक सेंटिमीटर दिसावा, सर्वांत खालचं बटण उघडं असावं आणि बसताना सगळीच उघडावीत. साडी असो, कुर्ता असो की ट्राउझर, कसोटी एकच: तीन तास बसल्यावर त्याला हात लावावा लागतो का? पदर, कॉलर, घड्याळ सारखं सावरणं लगेच नजरेत येतं. शॉप फ्लोअरवर जाणार असाल तर सेफ्टी शूज स्वतःचे न्या. पाहुण्यांसाठी ठेवलेले बूट घालून फिरणाऱ्या जीएमकडे सुपरवायझर पाहुणा म्हणूनच बघतो.

व्हिडिओ कॉलसाठी लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. खिडकी समोर हवी, पाठीमागे असली तर चेहरा काळा पडतो. मुद्द्याचं वाक्य बोलताना पडद्याऐवजी कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघा, ऐकताना नाही बघितलं तरी चालतं. तारेचा साधा हेडफोन घुमणाऱ्या खोलीतल्या लॅपटॉप-माइकपेक्षा केव्हाही बरा. वाईट चित्र लोक सहन करतात, वाईट आवाज करत नाहीत.

तुम्ही नसलेली बैठक

बढती ज्या खोलीत ठरते तिथे तुम्ही नसता. एप्रिल ते मार्च वर्ष चालणाऱ्या बहुतेक कंपन्यांत नावं जानेवारी-फेब्रुवारीत चर्चेला येतात, मार्चमध्ये फक्त शिक्का बसतो. त्यामुळे मार्चमध्ये साहेबांना भेटणं म्हणजे निकाल लागल्यावर अभ्यास करणं.

त्या खोलीत पाच-सहा खातेप्रमुख आपापली नावं पुढे करतात आणि प्रत्येक नावाला जेमतेम काही मिनिटं मिळतात. तुमचे साहेब बाजूने बोलतीलच, पण निर्णायक ठरतो तो दुसरा आवाज: तुमच्या खात्याबाहेरचा कोणी ‘हो, मी त्याच्याबरोबर काम केलंय’ म्हणतो की नाही. तो आवाज आपोआप तयार होत नाही. जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान एखादं असं काम अंगावर घ्या जिथे दुसऱ्या खात्याचा प्रमुख तुम्हाला निदान तीन-चार वेळा बघेल: ईआरपी (कंपनीभरचं कामकाजाचं सॉफ्टवेअर) बदल, ग्राहकाचं ऑडिट, नव्या प्लांटची जागा, एखादी खरेदी-समिती. दोन कामं घेऊ नका. दोन्ही अर्धी राहिली तर तोच आवाज उलट बोलतो.

सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आपलं वजन खर्च करून नाव पुढे करणारा एखादाच असतो, आणि त्याला ‘माझं नाव पुढे करा’ असं थेट सांगता येत नाही. त्याला मिळाली पाहिजे ती उदाहरणं. दर तीन महिन्यांनी पाच ओळींचं टिपण पाठवा: काय ठरवलं, काय बदललं, किती रुपयांचा किंवा दिवसांचा फरक पडला. विशेषणं नकोत. ‘टीमचं मनोबल उंचावलं’ हे त्या खोलीत कोणी वाचून दाखवत नाही, ‘रिजेक्शन ४.१ वरून २.६ टक्क्यांवर आणलं’ हे दाखवतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात साहेबांकडे पुन्हा वीस मिनिटं मागा आणि विचारा: आज माझं नाव चर्चेला आलं तर कोण विरोध करेल, आणि कोणत्या कारणाने? नाव मिळालं की जानेवारीपर्यंत त्या व्यक्तीसमोर निदान दोन बैठकांत मांडणी करायची संधी मागून घ्या. साहेबांना नाव सांगायचं नसेल तर कारण तरी सांगतील. ते लिहून घ्या, आणि अप्रेझलमधल्या शेऱ्याशी जुळतंय का ते बघा. जुळत नसेल तर इतके महिने तुम्ही दुसऱ्याच गोष्टीवर मेहनत घेत होता, आणि ते दुरुस्त करायला अजून दोन महिने हातात आहेत.